पेज संपल्यानंतरचा रविवार

प्रस्तुत लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. पुलगावच्या आमच्या शाळेतील ड्रिल मास्तरांनी युरोप खंडातील एक तरी माणूस पुन्हा चर्चमध्ये नेऊन बसवला, की नाही?

प्रश्न चमत्कारिक वाटेल, याची मला जाणीव आहे. पुलगावहून युरोपात काही गेलेच असेल, तर ते कापूस किंवा सूत असेल. धर्म गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. तेव्हा आधी मास्तरांची ओळख करून देणे भाग आहे.

सत्तरच्या दशकात मी त्या शाळेत भूगोल शिकवीत असे आणि मास्तर कवायत घेत. त्यांची उंची बेताची होती. छाती उंचीच्या मानाने जास्त आणि आवाज छातीच्या मानाने जास्त होता. अंगावर खाकी अर्धी विजार, गळ्यात काळी दोरी, दोरीत पितळी शिट्टी आणि तिला खेटून एक लहानसा क्रूस. प्रार्थनेच्या ओघात ते कधी शिट्टीच कपाळाला लावतात आणि मैदानावर कधी क्रूसच तोंडात धरून फुंकतात, अशी वदंता होती. यांपैकी दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. आवाज न आल्यामुळे त्यांनी क्रूसाकडे फार रागाने पाहिले होते.

गावात एक छोटे चर्च होते. मास्तर त्याला देऊळच म्हणत. रेल्वे, गिरणी आणि दारूगोळ्याचा डेपो येथे नोकरी करणारी काही कुटुंबे, एवढीच तेथील मंडळी. पाळक महिन्यातून एखाद्या रविवारी वर्ध्याहून येत; उरलेले रविवार मास्तरांच्या ताब्यात असत. उपदेश चालू असताना कोणाची मान कलली की शिट्टी वाजे. एका वृद्ध इंजिन ड्रायव्हरला तर गाडी सुटल्याचा भास होऊन तो दोनदा उठून दाराकडे गेला होता.

मास्तरांचे धर्मशास्त्र थोडक्यात सांगता येते. ते म्हणत, "श्रद्धा हे देवाचं खातं आहे. त्यात आपण हात नाई घालायचा. आपलं खातं हजेरीचं." मनात काय चालले आहे हे ते कोणाला विचारीत नसत; रविवारी कुठे होतास, एवढेच विचारीत. मोक्षाचा इतका सुटसुटीत अभ्यासक्रम मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

या हजेरीमागे एक जुनी जखम होती. मास्तरांचे आजोबा दुष्काळात ख्रिस्ती झाले होते. युरोपातून आलेल्या मिशनच्या लोकांनी गावाबाहेर मोठी कढई चढवून कण्यांची पेज वाटली. पेजेनंतर औषध दिले आणि औषधानंतर शुभवर्तमान ऐकवले. पुष्कळ लोक गेले, त्यांत हेही गेले. तेव्हापासून त्या घराला 'कण्यांचे ख्रिस्ती' हे नाव पडले, ते मास्तरांच्या वाट्यालाही आले. बाजारात भांडण झाले की समोरचा माणूस तिसऱ्या वाक्याला कण्यांवर येई. आमचे विज्ञानाचे शिक्षक बौद्ध होते आणि मास्तरांचे जिवलग मित्र होते. तेही चहाच्या वेळी डिवचीत, "मास्तर, आमच्या बापानं दीक्षा घेतली ना, तर सोबत स्वतःच्या भाकरी बांधून नेल्या होत्या. आम्ही फुकटचं खाल्लं नाई."

मास्तर हसत. परंतु त्या दिवशी मैदानावर मुलांना दोन फेऱ्या अधिक पळावे लागे.

आता मुख्य घटनेकडे वळतो. ज्या संस्थेने ती पेज वाटली आणि पुढे आमच्या गावचे चर्च बांधले, तिचा एक वृद्ध प्रतिनिधी हॉलंडहून पाहणीसाठी आला. इंग्रजी बोलणारा म्हणून मला बोलावणे आले. माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकी होते. मास्तरांचे कवायतीच्या आज्ञांपुरते. चहा झाल्यावर मास्तरांनी माझ्यामार्फत विचारले, "तुमच्या गावच्या देवळात रविवारी किती लोक असतात?"

दुसऱ्या कोणी बिस्कीट चहात बुडवून वेळ मारून नेली असती. म्हातारा सरळ होता. त्याने एका हाताची बोटे मोजली, थोडा थांबला आणि त्यांतले एक बोट पुन्हा मिटले. ती बाई गेल्या हिवाळ्यात वारली, असे त्याने सांगितले.

"आन् बाकीचे?"

बाकीचे झोपलेले असतात, असे उत्तर आले. शेजारच्या गावच्या चर्चमध्ये आता गालिच्यांचे दुकान आहे. त्याच्या पलीकडच्या गावातील चर्चची व्यायामशाळा झाली आहे. हे शेवटचे वाक्य मी भाषांतरित केले, तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावर क्षणभर निखळ आनंद दिसला. लगेच त्यांना आपण कोणाच्या बाजूचे आहोत याची आठवण झाली.

परतताना ते रेल्वे फाटकापाशी एकदम थांबले आणि म्हणाले, "सर, दुकानदारानंच दुकान बंद केलं, तर माल घेऊन बसलेला येडा ठरते का नाई?"

"ठरेलच असे नाही," मी म्हणालो.

"गाव तर ठरवते ना! माझ्या आज्यानं यांच्या शब्दावर सारं गाव तोडलं. आता हेच म्हणून राह्यले, आम्ही झोपलेलो असतो. मंग माझ्या आज्यानं कायच्यासाठी केलं? कण्यांसाठीच केलं, असंच होईल ना?"

याचे उत्तर मास्तरांनाच सापडले होते. जे त्यांनी आपल्यासाठी केले, तेच आपण त्यांच्यासाठी करायचे, त्याच पद्धतीने आणि त्याच क्रमाने. आधी पेज, मग औषध, मग शुभवर्तमान.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या वर्गातील युरोपचा नकाशा मागून नेला आणि चर्चच्या भिंतीवर टांगला. दर रविवारी एका देशासाठी प्रार्थना सुरू झाली. क्रम उजवीकडून डावीकडे, कवायतीच्या रांगेप्रमाणे. त्यामुळे पहिलाच देश रशिया आला. त्या दिवशी मास्तरांनी डेपो जवळ आहे म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि अगदी हळू आवाजात प्रार्थना केली. स्वित्झर्लंडच्या रविवारी त्यांनी आधी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली. भूमध्य समुद्रासाठीही एक रविवार खर्ची पडला. तेथे वस्ती नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. "जहाजं तर असतीन ना?" ते म्हणाले.

परंतु प्रार्थनेने पेज पोटात जात नाही. युरोपीय माणूस प्रत्यक्ष हवा. येथे आमच्या जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य उपयोगी पडले. त्या काळी वर्ध्याजवळच्या आश्रमात युरोपातील तरुण-तरुणी भारतीय शांतीच्या शोधात येत. शांती सापडायला वेळ लागे. जुलाब लगेच लागत. वर्ध्याच्या फलाटावर पोट धरून बसलेला एखादा गोरा तरी हमखास दिसे. मास्तर रविवारची उपासना आटोपून पॅसेंजरने वर्ध्याला जात. त्यांच्या हातात ॲल्युमिनियमचा डबा असे. त्यात मीठ घातलेली तांदळाची पेज. खिशात इसबगोल आणि बेलाचा मुरंबा. काखेत बायबल. मीही पुष्कळदा सोबत जाई. भूगोलाच्या शिक्षकाला दुसऱ्या खंडातील माणूस जवळून पाहायला मिळणे, ही साधी गोष्ट नव्हे.

हा प्रसंग कसा घडे, ते सांगतो. भगवी लुंगी, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि पिवळट चेहरा असा कोणी बाकावर दिसला की मास्तर त्याच्यासमोर सावधान उभे राहत. पेज प्यायला लावीत. मुरंबा चाटवीत. तो जरा सावरला की शेजारी बसून माझ्यामार्फत विचारीत, "देवळात जातो का?"

"नाही. मी चर्च सोडले आहे."

"सोडलं म्हणजे? राजीनामा दिला? मंजूर झाला का?"

याचे भाषांतर करणे कठीण जाई. मग मास्तर स्वतः इंग्रजीवर येत. पश्चात्ताप म्हणजे काय, हे ते एका आज्ञेत समजावीत. फलाटावर चार पावले ताठ चालून जात, "अबाउट टर्न!" असे ओरडून गर्रकन वळत आणि बाकापाशी परत येत. हमाल टाळ्या वाजवीत. गोऱ्यांना हा योगाचाच एखादा प्रकार वाटे आणि काही जण त्यांच्या मागून चालून पाहत.

"अबे, घरची भरली विहीर सोडून आमच्या हौदात काऊन बुचकळ्या मारून राह्यला?" असे ते शेवटी कळवळून विचारीत. गाडी आली की तो तरुण हात जोडून 'नमस्ते' म्हणे आणि जाई. पेज संपलेली असे.

घरी वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, डबा घासायला घेत. त्या म्हणत, "येशूनं पाच हजार लोक जेवू घातले, हे लिहून ठेवलं. भांडी कोणं घासली, हे एकानंही नाई लिहिलं."

लवकरच मुख्याध्यापकांकडे तक्रार आली, की शाळेचा शिक्षक स्टेशनवर धर्मांतर घडवून आणतो. मुख्याध्यापकांनी मास्तरांना बोलावले. मीही होतो.

"मास्तर, हे काय ऐकून राह्यलो मी? तुम्ही लोकाईले ख्रिस्ती करून राह्यले म्हणे?"

"हो सर. पण ख्रिस्त्याईलेच करून राह्यलो."

"म्हणजे?"

"जन्मानं ख्रिस्ती, बाप्तिस्मा झालेले, नाव बायबलातलं. त्याईलेच म्हणतो, बाबा, घरी जा. ह्याले धर्मांतर म्हणत असतीन, तर मी जबाब देतो."

मुख्याध्यापकांनी बराच विचार केला. या अपराधासाठी कोणते कलम लावावे हे सुचले नाही, म्हणून त्यांनी शिट्टी हळू वाजवण्याची ताकीद दिली.

असे वर्षभर चालले. एके रविवारी वर्ध्याच्या फलाटावर एक उंच तरुण आडवा पडलेला दिसला. डोळे हळदीसारखे होते. कावीळ होती, पेजेच्या एका डब्याने भागण्यासारखे काम नव्हते. त्याने आपले नाव आनंद असे सांगितले. मास्तरांनी खोदून विचारल्यावर मूळचे नाव पीटर निघाले आणि गाव हॉलंडमधले. मास्तरांनी माझा दंड घट्ट धरला.

"सर, दुकानदाराच्याच गावचा!"

त्याला पुलगावला आणले. डॉक्टरांनी विश्रांती आणि बिनतेलाचे जेवण सांगितले. काही आठवडे तो मास्तरांच्या घरी राहिला. मास्तर त्याला बायबलच्या मराठीप्रमाणे पेत्र म्हणत. त्याच्या अंगात थोडी ताकद येताच अंगणात रोज सकाळी हजेरी सुरू झाली. मास्तर ओरडत, "पेत्र!" तो उत्तर देई, "हजर!" त्या हजेरीपटावर एवढे एकच नाव होते. शेजारपाजारचे लोक कुंपणापाशी उभे राहून हा सोहळा पाहत.

तो चर्चमध्ये येई आणि शेवटच्या बाकावर मांडी घालून डोळे मिटून बसे. एकदा त्याने मला स्पष्ट सांगितले, "मी येतो, पण माझा विश्वास नाही, हे त्यांना सांगा." मी सांगितले.

"विश्वास कोणं विचारला त्याले?" मास्तर म्हणाले. "बस म्हणा. पाय खाली सोडून बस."

एका दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. वहिनी चुलीवरची पेज ढवळत होत्या. कण्यांची गोष्ट पेत्राच्या कानावर आली होती. कुंपणापाशी उभ्या असलेल्या कोणीतरी मोडक्या इंग्रजीत ती पोचवली होती. त्याने विचारले, "तुमचे आजोबा खरोखर विश्वासाने ख्रिस्ती झाले, की भुकेने?"

मी घुटमळलो. भाषांतर करणाऱ्याने प्रश्न गाळणे योग्य नाही, म्हणून शेवटी विचारला. वहिनींची पळी थांबली.

"भुकेनं," मास्तर म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकत होतो.

"भुकेनंच गेलता. सारेच भुकेनं गेलते. मंग साल बरं आलं, घरोघरी ज्वारी झाली. मिशननं कढई पालथी केली. पुढच्या रविवारी कोणी नाई गेलं. माझा आजा गेला. पेज नाई, काई नाई. जाऊन बसला."

"का गेले?" पेत्राने विचारले.

"मी लहान होतो तव्हा विचारलं होतं. म्हणे, दारातून पाह्यलं तर साहेब एकटाच बसला होता."

पेत्राने वाटी पुढे केली. वहिनींनी पेज वाढली.

तो बरा झाला, तेव्हा मास्तरांनी त्याला स्वतः आश्रमात पोचवले. निघताना रविवारी ये म्हणून सांगितले नाही. मलाही सांगू दिले नाही. परतीच्या गाडीत म्हणाले, "आता पेज बंद झाली. आता परीक्षा. येत्या रविवारी आपल्या मनानं आला, तर माझा आजा खरा."

एका काविळीच्या रुग्णावर स्वर्गवासी आजोबांची अब्रू लावणे तर्कदृष्ट्या सदोष होते. हे मी सांगितले. त्यांनी ऐकले नाही.

त्या रविवारी मास्तरांनी घंटा नेहमीपेक्षा आधी वाजवली. वर्ध्याची गाडी आली आणि गेली. त्यांनी मंडळींना पहिले गीत पुन्हा म्हणायला लावले. मग तेच गीत तिसऱ्यांदा सुरू केले. इंजिन ड्रायव्हर म्हातारा म्हणाला, "मास्तर, सिग्नल काऊन देऊन नाई राह्यले?" मास्तर दाराकडे पाहत होते. दारात एक बकरी येऊन उभी राहिली आणि गीत संपेपर्यंत थांबून निघून गेली. पेत्र आला नाही.

पुढे कळले, की त्याच दिवशी तो गिरडला गेला होता आणि टेकडीवरच्या फरीदबाबांच्या दर्ग्यात दिवसभर शांत बसून होता. तेथून उत्तरेकडे गेला. वहिनी म्हणाल्या, "कुठंतरी बसला होता ना? मंग लागली हजेरी." मास्तरांना हा विनोद सहन झाला नाही. सोमवारी ते नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या वर्गात आले.

"घ्या सर तुमचा युरोप," ते म्हणाले आणि गुंडाळी कपाटाला टेकवून मैदानावर गेले.

त्यानंतर ते वर्ध्याच्या फलाटावर गेले नाहीत. बाजारात कोणी कण्यांचा विषय काढला, तर पूर्वी चढा आवाज लावणारे मास्तर आता भाजी घेऊन पुढे चालू लागत.

ऐंशीचे दशक अर्धे उलटले होते. मास्तर निवृत्त झाले होते आणि स्वतःच्याच शिट्टीने त्यांचा एक कान निकामी झाला होता. हॉलंडची ती संस्था इकडचे काम आटोपते घेत होती. ते सांगण्यासाठी एक मध्यमवयीन बाई आल्या. पुन्हा चहा, पुन्हा बिस्किटे, पुन्हा मी. मास्तर चांगला कान पुढे करून बसले होते. विचारण्याचे धैर्य त्यांना नसावे, म्हणून मीच विचारले, की तिकडे चर्चमध्ये आता किती लोक येतात.

बाई हसल्या. बहुतेक ठिकाणी कोणी नाही, असे त्या म्हणाल्या. मात्र त्यांच्या ओळखीच्या एका गावात गंमत झाली होती. तेथील चर्च बंद व्हायचे होते. एकच म्हातारी येत असे. मग एक उंच मनुष्य येऊ लागला. तो शेवटच्या बाकावर बसतो, प्रार्थना म्हणत नाही, आपला विश्वास नाही असे उघडपणे सांगतो. का येतोस, असे विचारले तर म्हणतो, दारातून पाहिले तर ती बाई एकटीच बसली होती.

मी भाषांतर करू लागलो. वाक्य पुरे होण्यापूर्वीच वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात पळी होती.

बाई पुढे सांगत होत्या. हिवाळ्यात तो मनुष्य उपासनेनंतर भाताची पातळ, खारट लापशीसारखी काहीतरी करून म्हातारीला देऊ लागला. मग आणखी काही वृद्ध येऊ लागले, काही बेकार तरुण, एखाददुसरे कुटुंब. चर्च अजून उघडे आहे. "पण," बाई किंचित ओशाळून म्हणाल्या, "गावातले लोक त्यांना हसतात. म्हणतात, हे काही भक्त नव्हेत. हे त्या पेजेसाठी येतात."

मी हेही सांगितले. मास्तर शिट्टीशी चाळा करीत बसले. निवृत्तीनंतरही ती गळ्यात होती. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडत आहेत असे वाटून मी पाण्याचा पेला पुढे केला; ते हसत होते.

"हसू द्या म्हणा लोकाईले," ते म्हणाले. "माझा आजाही असाच आलता." मग माझ्याकडे वळून, "सर, त्याईले विचारा, पेज संपल्यावर कोण राह्यते?"

बाई म्हणाल्या, अजून संपलेली नाही.

"संपू द्या," मास्तर म्हणाले. "मंग कळवजा."

मास्तरांना ते कळायचे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. त्यांच्या मातीला सर्व धर्मांचे लोक आले होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी मैदानावरच्या सवयीप्रमाणे मोठ्याने "सावधान!" म्हटले, आणि आम्ही सारे ताठ उभे राहिलो.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. माझ्यापाशी असलेला पुरावा ऐकीव आहे. त्या मनुष्याचे नाव बाईंना ठाऊक नव्हते. उंच माणसे हॉलंडमध्ये विपुल आहेत. एकट्या म्हातारीची कणव येण्यासाठी पुलगावलाच आले पाहिजे, असेही नाही. मी स्वतः युरोप केवळ नकाशात पाहिला आहे. त्यामुळे होकारार्थी उत्तर देण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता तिकडे असतात. आपण गेलात, तर एखाद्या रविवारी सकाळी खेड्यातील लहान चर्चमध्ये डोकावावे. पेज मिळत असेल, तर ती प्यावी; मीठ बरोबर आहे का पाहावे. परंतु तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. पेज बंद झाल्यानंतरच्या रविवारी पुन्हा जावे, आणि बाकावर कोण बसले आहे, ते स्वतः पाहावे.